येतो म्हणून गेलेल्याला

मिल्या,

टामा म्हणाला, त्याच्याशी बोल. त्यांच्या माओरी लोकांत गेलेल्या माणसाबद्दल बोलत नाहीत, त्याच्याशीच बोलतात. तू आमच्या माउंट वेलिंग्टनच्या घरी, सोफा सरकवून केलेल्या जागेत, शवपेटीत होतास. आणि हा तुझा बेस गिटारवाला, दारातून वाकून आत येणारा माणूस, बूट काढून तुझ्याशेजारी कार्पेटवर बसला होता. दुपारभर तुझ्याशी गप्पा मारत होता. कुठल्याशा पबमधल्या पियानोची एक पट्टी दाबली की वरच यायची नाही ते, फेरीबोटीवर तुला उलट्या झाल्या ते, एका लग्नात नवरामुलगाच पळून गेला तरी तुम्ही दोघे वाजवत राहिलात ते. मधूनच खो खो हसत होता. मी चहाचं आधण ठेवून स्वयंपाकघरात उभी होते आणि माझं डोकं तापत होतं. माझा भाऊ गेलाय आणि हा हसतोय. तणतणत बाहेर आले तर माझ्याकडे बघून म्हणाला, "यू टॉक टु हिम, सिस. ही'ज राइट हिअर."

 तुझ्या जाकिटाची कॉलर दुमडलेली होती, ती सरळ केली आणि आत गेले.

आता तू 'राइट हिअर' नाहीस. बाबांच्या फोटोशेजारी एका लाकडी डब्यात आहेस, आणि आता मला बोलायचं आहे. सगळं उशिरा करायची तुझी सवय मला लागली. तुला निरोप द्यायचा राहिलाय, मिल्या. सगळ्यांनी दिला. तुझं नावही धड घेता न येणाऱ्या लोकांनी दिला. मी तुझी सख्खी बहीण, मला अजून देता आलेला नाही.

मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलंय, 'न्यूझीलंडमधील सुप्रसिद्ध मराठी पियानोवादक यांचे दुःखद निधन'. वाचून तू खुर्चीवरून पडला असतास. सुप्रसिद्ध! याच मंडळींनी बॉटनी डाउन्सच्या हॉलमध्ये दिवाळीला तुला बोलावलं होतं, आठवतं? त्यांना भावगीतं हवी होती. तू दोन वाजवलीस, तिसऱ्या गाण्याला तुझा डावा हात घसरला आणि त्या गाण्याचं ब्लूज झालं. पहिल्या रांगेतल्या एक बाई मोठ्याने म्हणाल्या, "सणासुदीला हे काय रडगाणं?" गाडीत बसल्यावर मी तोंड लपवून बसले होते आणि तू हसत होतास. "ताई, बाई बरोबर बोलल्या. रडगाणंच आहे. मराठीत इतका चांगला शब्द आहे हे मला सुचलंच नव्हतं." त्यानंतर कोणी विचारलं, भाऊ काय वाजवतो, की तू मध्येच सांगायचास, रडगाणी.

तो डावा हात. सगळे त्या हाताबद्दल बोलतात. टामा म्हणतो, ब्लूज पियानोत सगळा भार डाव्या हातावर असतो, गाडी तोच ओढतो, आणि मिल्ससारखा डावा हात मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही, खांदा सुद्धा पुढे-मागे व्हायचा. मी त्याला सांगितलं नाही की तो खांदा कुठून आला. आपल्याला दोघांनाच माहीत होतं. दापोडीच्या दोन खोल्यांत बाबा पेटी शिकवायचे तेव्हा उजव्या हाताने सूर आणि डाव्या हाताने भाता. डाव्या हाताला दुसरं कामच नाही, नुसती हवा भरत राहायची. बाबा दिवसभर कारखान्यात, आणि एप्रिलच्या जयंत्या आल्या की गायन पार्टीबरोबर आज या वस्तीत, उद्या त्या वस्तीत. तू मागे पेटीला हात देऊन टेम्पोत बसायचास. शाळा बुडाली म्हणून आई ओरडायची, आणि बाबा म्हणायचे, तोही शिकतोच आहे की.

मग मी फार्मसिस्ट होऊन इकडे आले, तुला कसलासा डिप्लोमा करायला इकडे बोलावून घेतलं, आणि तू वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उचलायच्या, धुवायच्या नोकरीला लागलास. तिथल्या हॉलमध्ये एक बेसूर पियानो होता आणि मिस्टर डग्लस होते, तरुणपणी पबमध्ये वाजवणारे, आता चमचा धरता न येणारे. तू एक दिवस उजव्या हाताने बाबांची चाल वाजवलीस तर ते म्हातारबुवा म्हणाले, तुझा डावा हात झोपलाय. तू म्हणालास, झोपलेला नाही, हवा भरतोय. ते इतके हसले की नर्स धावत आली. त्यांना बोटं हलवता यायची नाहीत, म्हणून ते तोंडाने डाव्या हाताचा ठेका म्हणायचे आणि तू वाजवायचास. हे सगळं तू मला रात्रपाळीहून आल्यावर अंड्याची पोळी खात सांगितलंस आणि शेवटी म्हणालास, ताई, मी नोकरी सोडतोय. मी कपाळावर हात मारून घेतला.

त्यानंतर तू थांबलास कुठे? पांढरी व्हॅन, मागे तुझा पियानो कांबळ्यात गुंडाळलेला, बाजूला टामा. वांगारेपासून इन्व्हरकारगिलपर्यंत असं एक गाव नसेल जिथे तू वाजवलं नाहीस. पब, बोलिंग क्लब, लोकरीच्या गोदामातली लग्नं, पावसात भिजलेल्या जत्रा. लोक विचारायचे, सितार वाजवतोस का. तू सांगायचास, वाजवतो, पण ती घरी विसरलो. पत्ता म्हणून सगळीकडे माझं घर लिहायचास आणि वर्षातून मोजक्या वेळा तिथे यायचास. आलास की गराजच्या पलंगावर दुपारपर्यंत झोपायचास, रविवारी अवोन्डेलच्या बाजारातून मेथी आणि कसल्यातरी मोडक्या वस्तू आणायचास, तुझ्या भाचीला, सृजाला, काहीबाही शिकवायचास, आणि माझ्या चुका काढायचास.

हो, माझ्या. चुका काढणं खरं माझं काम. आम्हा फार्मसिस्टांचा पगारच त्याचा असतो, डॉक्टरने लिहिलेल्यातली चूक रोग्याच्या पोटात जायच्या आत धरायची. ती सवय मी घरी आणली. सगळ्यांच्या बोलण्यातलं, लिहिण्यातलं मी सुधारत असते. फक्त तू माझं सुधारायचास. मी एकदा म्हटलं, "थांब, मी शॉवर घेते", तर म्हणालास, "घेते? कुठे नेणार आहेस? आंघोळ करते म्हणतात बाई त्याला." प्रकाश, तुझे दाजी, आणि सृजा नुसते बघत राहिले. माझं मराठी कुठे घसरलं हे त्या घरात ऐकू येणारा तू एकटा होतास. सृजाला सगळं कळतं पण ती उत्तर देते इंग्रजीत, आणि प्रकाश मुळातच कमी बोलतो. आता मी काहीही बोलले तरी चालतं.

आपलं भांडण अर्धवट राहिलं रे. तू म्हणायचास, बाबांचं गाणं आणि हे गाणं एकच आहे. ज्यांना कोणी माणसांत मोजलं नाही त्यांनी गायलेलं, तिकडे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी, इकडे आपल्या. मी म्हणायचे, मुळीच नाही. बाबा गायले की बसलेले लोक उठून उभे राहायचे. तू गायलास की बसलेले लोक आणखी एक बिअर मागवतात. बाबांच्या गाण्यात 'आम्ही' होतं. तुझ्यात सारखं मी, मी, मी. माझी बाई गेली, माझी गाडी बंद पडली, मला झोप येत नाही. तेव्हा नाताळच्या बार्बेक्यूजवळ चिमटा हातात धरून तू म्हणालास, "अगं, एकट्या माणसाने 'आम्ही' कुठून आणायचं?" माझ्याकडे त्यावर उत्तर होतं, पण सॉसेज जळायला लागले. तू म्हणालास, थांब, बाबांची एक चाल पियानोवर बसवतोय, पुढच्या वेळी आलो की ऐकवतो, मग बोल.

टामा सांगतो, तू ती बसवलीस. वेस्ट कोस्टच्या शेवटच्या दौऱ्यात वाजवलीस, मराठीत गायलास. "ही कॉल्ड इट इन काळी फोर," तो म्हणाला. बाबा काळी चारमध्ये गायचे, आणि ह्या माओरी माणसाला काळी चार म्हणजे ए फ्लॅट हे पाठ झालंय. मी त्याला पहिलं काय विचारलं असेल? "लोक उठले का?"

टामा म्हणाला, "कपल ऑफ देम डिड. पण सिस, मे बी दे वर गोइंग टु द बार."

घे. आता कोण जिंकलं ते कसं ठरवायचं? मी ते गाणं ऐकलेलं नाही, कोणी ते फोनवर उतरवून घेतलेलं नाही. तुझ्याशी भांडायला माझ्याकडे इतकं काही साठलंय. गाडी चालवताना मी अजून मुद्दे काढते.

तू मला काय दिलंस ते मी कधी बोलले नाही, कारण बोलले असते तर तू त्याची थट्टा केली असतीस. आई गेली तेव्हा सगळ्या सीमा बंद होत्या. पहिल्यांदाच तू आठवडेच्या आठवडे माझ्या घरी अडकला होतास. पोह्यांच्या डब्याला फोन टेकवून आपण दोघांनी आईला नेताना पाहिलं. शेवटी तिकडून चुलतभावाने विचारलं, "ताई, ठेवू का?" आणि पडदा काळा झाला. मी तशीच बसले. रडू पण येईना. तेव्हा तू समोरच्या खुर्चीत डायनिंग टेबलावर बोटं टेकवलीस आणि वाजवायला लागलास. आवाज नाहीच, नुसती बोटं. आणि डावा हात पियानोचा ठेका धरत नव्हता. टेबलाच्या कडेला तळवा लावून तो पुढे-मागे जात होता, भात्यासारखा. उजव्या हाताच्या बोटांवरून मला कळलं कुठलं गाणं आहे ते. मी कधी गात नाही. मी विचारलं, "काळी चार?" तू म्हणालास, "काळी चार." आणि मी गायले. सबंध गायले. मग रडू आलं.

आता तू गेलास तेव्हा त्या खुर्चीत कोणी नव्हतं. प्रकाश चांगला आहे, त्याने माझा हात धरला, सगळी विमानाची व्यवस्था त्याने केली. पण ते गाणं त्याला माहीत नाही. ते गाणं माहीत असलेलं घरात आता माझ्याशिवाय कोणी उरलं नाही, आणि मला बोटं चालवता येत नाहीत.

सकाळी टामाचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यातल्या फार्मसीत होते. होकिटिकाच्या मोटेलमध्ये तू दार उघडलं नाहीस. हृदय. मी फोनवर टामाला पहिलं विचारलं, ब्लड प्रेशरच्या गोळ्या घेत होता का? तो म्हणाला, "आय डोन्ट नो, सिस." त्या गोळ्या मी माझ्या हाताने वारांच्या डबीत भरून दिल्या होत्या, सोमवार, मंगळवार, बुधवार. ती डबी व्हॅनच्या डॅशबोर्डमध्ये असणार. घेतल्या असतील तर माझ्या गोळ्यांचा उपयोग झाला नाही, नसतील तर तू माझं ऐकलं नाहीस. मला दोन्ही नको आहे. मी सृजाला बजावलंय, डबी दिसली तर न उघडता फेकून दे.

आता 'येतो'चं बोलायला हवं.

ओनेहंगाच्या त्या पहिल्या पबमध्ये शेवटचं गाणं संपलं आणि घाबरून तुला इंग्रजीत काय म्हणावं ते सुचेना. म्हणून तू बाबांसारखे हात जोडलेस आणि माइकमध्ये म्हणालास, "येतो मंडळी." आपल्यात 'जातो' कोण म्हणतं? बाबा प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी हेच म्हणायचे आणि समोरून सगळी वस्ती ओरडायची, "या!" पबमधल्या लोकांना वाटलं तो तुझा काही खास मंत्र आहे. त्यांनी उलट ओरडून सांगितलं, "येतो!" झालं. तेव्हापासून प्रत्येक गावात शेवटी तू येतो म्हणायचास आणि सगळा पब येतो म्हणायचा, बायका सुद्धा. मी एकदा ऐकायला आले होते तेव्हा तुला बाजूला घेऊन म्हटलं, "अरे, उत्तर 'या' असतं, आणि बाईने 'येते' म्हणायचं असतं, निदान बरोबर तरी शिकव." तू म्हणालास, "राहू दे ना ताई. मी येतो म्हणतोय, तेही येतो म्हणतायत. कुठेतरी भेटूच."

घरात सुद्धा तू तेच केलंस. सृजा तीन वर्षांची असताना दारात उभं राहून तुझ्याकडून 'येतो' शिकली. शाळेत निघाली, येतो. पोहायला निघाली, टॉग्जची पिशवी खांद्यावर, येतो. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला, येतो. तिच्या तोंडून रोज निघणारं एवढं एकच मराठी, आणि ते चुकीचं. मी प्रत्येक वेळी दारातून ओरडायचे, "येते! येते म्हण!" ती हात हलवायची, "स्वीट ॲज, आई!", म्हणजे बरं बरं, आणि निघून जायची. विशी उलटून गेली तरी आमचं हे चालूच होतं.

तुझ्या अंत्यविधीच्या दिवशी आपल्या लोकांनी वंदना म्हटली. सगळे आले होते, सुट्टी टाकून आले होते. मग टामा पुढे झाला, तुझ्या शवपेटीवर हात ठेवला आणि त्यांच्या भाषेत तुला काहीतरी म्हणाला, आणि शेवटी, "हाएरे, हाएरे, हाएरे." मला वाटलं प्रार्थना असेल. मग तुझे लोक उठले. मिल्या, केवढे लोक रे ते. कुठून कुठून गाड्या चालवत आलेले, दोनतीन तर जँडल्स, रबरी चपला, घालून. एकेक जण पुढे यायचा, तुझ्या हाताला हात लावायचा आणि म्हणायचा, "येतो, मिल्स." गोऱ्या म्हाताऱ्या बायका, दाढीवाले मेंढपाळ, एक चाकाच्या खुर्चीतला माणूस. येतो, मिल्स. येतो, मिल्स.

माझ्या शेजारी वानखेडे काकू बसल्या होत्या. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "अगं, कोणीतरी सांगा ना यांना. मयताला येतो म्हणतात का?"

नाहीच म्हणत. बाबांनी आपल्याला शकुन-अपशकुन मानायला शिकवलं नाही. मांजर आडवं गेलं तर बाबा मुद्दाम त्याच रस्त्याने जायचे. पण कोणाच्या घरी मयत झाली की तेच बाबा भेटून झाल्यावर एक शब्द न बोलता उठायचे आणि चपला घालून निघायचे. तिथे येतो म्हणायचं नसतं, एवढं तेही पाळायचे. मी काकूंना म्हटलं, जाऊ द्या, त्यांना अर्थ माहीत नाही. त्यांच्यासाठी तो नुसता एक आवाज आहे.

मग सृजा उठली. काळ्या कपड्यांत, केस बांधलेले, अगदी तुझ्यासारखं नाक. तुझ्यावर वाकली आणि म्हणाली, "येतो, मामा."

आणि माझ्या तोंडून निघालं, "येते. येते म्हण."

सगळी जन्मभराची सवय. मी विचार केलाच नाही. आणि ही मुलगी, जिने इतक्या वर्षांत माझ्यामागून कधी एक शब्द म्हटला नाही, तिने त्या दिवशी शहाण्यासारखी मान हलवली, पुन्हा वाकली, आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "येते, मामा."

तेव्हा मला ऐकू आलं काय म्हणाली ते.

पबमधल्या लोकांना अर्थ माहीत नव्हता. मला माहीत होता. मी माझ्या एकुलत्या मुलीकडून मेलेल्या माणसाला 'येते' म्हणवून घेतलं, तेही व्याकरण शुद्ध करून. मी विज्ञान शिकलेली बाई आहे, बाबांची मुलगी आहे. शब्दाने काही होत नाही हे मला तुझ्याइतकंच कळतं. तरी तेव्हापासून तिला फोन लागला नाही की मी लागेपर्यंत लावत राहते. हे मी प्रकाशला सांगू शकत नाही. तुला सांगितलं असतं तर तू हसला असतास, आणि तुझ्या हसण्याने ते गेलं असतं. तुझ्या मरणावरचं औषध तूच होतास, आता कुठून आणू?

नंतर चहा चालू असताना मी टामाला विचारलं, ते हाएरे म्हणजे काय. तो म्हणाला, "गो. दॅट्स इट. गो, गो, गो."

"जा म्हणता? सरळ?"

"यू गॉट टु टेल देम, सिस. नाहीतर दे हँग अराउंड. निघता येत नाही बिचाऱ्यांना." ते 'नाहीतर' आणि ते शेवटचं वाक्य त्याने मराठीतच म्हटलं, तुझ्यासारखं नाकातून.

आपल्यात कोणी कोणाला नुसतं 'जा' म्हणत नाही. कुत्र्याला म्हणतात. भांडण विकोपाला गेलं तर म्हणतात. तू व्हॅन चालू करायचास तेव्हा मी कितीही चिडलेली असले तरी खिडकीशी येऊन 'जाऊन ये' म्हणायचे, आणि मगच तू गिअर टाकायचास. पण टामाचं मला पटलं. ब्लूज वाजवणाऱ्याने जन्मभर फिरायचं आणि मेल्यावर बहिणीच्या गराजमध्ये घुटमळत राहायचं, हे बरं नाही. म्हणून ठरवलं, तुला जा म्हणायचं. आंघोळ करून, धीर करून रोज त्या डब्यासमोर उभी राहते आणि माझी जीभ उचलत नाही.

व्हॅन अजून होकिटिकातच आहे, पियानोसकट. मी म्हटलं ट्रकवर घालून मागवू. सृजा ऐकेना. गाडी चालवायला तूच तिला त्या व्हॅनवर शिकवलंस. म्हणाली, "आई, ही'ड वॉन्ट मी टु ड्राइव्ह इट." ती आणि टामा विमानाने जाऊन तोच सगळा रस्ता गाडीने येणार. डोंगर, घाट, फेरीबोट, सगळं. मी काय बोलणार? काही बोलले असते तर कारण सांगावं लागलं असतं.

आज सकाळी ती निघाली. त्या दिवसापासून ती दारातून नुसती 'बाय' म्हणायची. मला वाटायचं, हिलाही कळलं असेल का? हिला सगळं कळतं. आज पाठीवर पिशवी घेऊन दारात थांबली. टामाने बाहेर हॉर्न वाजवला. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "येतो."

आणि थांबली. मी सुधारीन म्हणून थांबली असेल.

मी म्हटलं, "ये."

तिने मला मिठी मारली, खूप वेळ, आणि धावत गेली. गाडी वळेपर्यंत मी उभी होते. मग आत आले, दार लावलं आणि तुझ्यासमोर उभी राहिले. वाटलं, आत्ता जमेल. आत्ता नाही तर कधीच नाही. डब्यावर हात ठेवला, टामाने ठेवला होता तसा, आणि मोठ्याने म्हटलं, मिल्या, जा. म्हणजे म्हणायचं तेवढंच होतं. तोंडातून निघालं, "जाऊन ये."

चुकलं. मला कळलं चुकलं ते. पण माझी चूक काढायला आता घरात कोणी नाही.